टेबलाची खालची बाजू

चौकपासून कशेळ्यापर्यंतच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांत हल्ली जेवणाची जुनी टेबलं येऊ लागली आहेत. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात उचललेली, टेम्पोत बांधून आणलेली. वाढणं सुरू झालं की यजमान सहज बोलल्यासारखं सांगतात, "डॅनिश आहे, बरं का." पाहुणा लगेच वरून हात फिरवतो. निमुळते पाय, गोलसर कडा, तेलात मुरलेला साग. हात खरं तर खालून फिरवायला हवा.

डेन्मार्कात साग उगवत नाही. सयामच्या जंगलांतला साग डॅनिश जहाजांनी नेला. 1897 साली कोपनहेगनला निघालेली ईस्ट एशियाटिक कंपनी त्यात पुढे होती. इतक्या लांबून आलेलं लाकूड जपून वापरलं गेलं. बऱ्याचदा वर विनियरचा पापुद्रा, कडेला अस्सल सागाची पट्टी, पोटात साधी फळी. दोन्ही टोकांना वरच्या फळीखाली सरकवलेल्या जादा फळ्या. पाहुणे वाढले की बाहेर ओढायच्या. त्या ओढल्या की आतल्या चौकटीवर कधी तापल्या लोखंडाचा डाग सापडतो, कधी धातूची टिकली, कधी डॅनिश फर्निचर कंट्रोलचा गोल शिक्का.

नाव सापडलं तरी गोष्ट संपत नाही, कारण नावं बहुधा दोन असतात: रेखाटणाऱ्याचं आणि करणाऱ्याचं. हान्स वेगनर हा चांभाराचा मुलगा, स्वतः सुतारकाम शिकलेला. त्यानं रेखाटलेली टेबलं करायचा आंद्रेयास टुकचा कारखाना. खुर्च्या कार्ल हान्सेनकडे, कपाटं आणखी तिसऱ्याकडे. बाजारभाव ठरतो वेगनरच्या नावावर. टुकचं नाव ओळखपत्रासारखं, खात्री पटवण्यापुरतं. मला हे जरा खटकतं. फळी पावसाळ्यातही न अडकता सरकते, ती रेखाटनामुळे नव्हे.

खालापूरजवळच्या एका स्नेह्यांकडे असंच एक टेबल आहे. पाय डुगडुगायला लागला म्हणून वहिनींनी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. आम्ही चौघांनी मिळून टेबल उलटं केलं. शिक्का नव्हता. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, नखानं कड खरवडली आणि म्हणाले, "पापुद्रा नाय हो, अख्खा साग हाय." फळ्या एकमेकींना जोडलेल्या, पाय लेथवर न कातता रंध्यानं निमुळते केलेले, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर, जिथे कुसू खाचेत बसतं तिथे, पेन्सिलीनं घातलेला गुजराती आकडा. कुठला पाय कुठल्या कोपऱ्याचा, याची खूण. मुंबईतल्या कुणा मिस्त्रीनं परदेशी मासिकातलं चित्र समोर ठेवून केलेलं काम असणार. माझ्या मते ते डॅनिश टेबलापेक्षा जड आणि जास्त उदार होतं. वहिनी मात्र गप्प झाल्या. पैसे डॅनिश म्हणून मोजले होते.

कारागिराचं नाव हुडकायचंच असेल तर कर्जतमध्ये त्याहून जुनं ठिकाण आहे. कोंदिवड्याहून रानातून चढत गेलं की राजमाचीच्या पोटाशी कोंढाण्याची लेणी लागतात, इसवीसनापूर्वीची. चैत्याचा दर्शनी भाग दगडाचा, पण सगळी भाषा सुताराची. वासे, कठडे, जाळ्या, तुळयांची पुढे आलेली टोकं. खडकाला ज्यांची काहीच गरज नाही अशी सगळी लाकडाची कामं छिन्नीनं काढलेली. डाव्या अंगाला एका भंगलेल्या मुखाजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. इथेही नावं दोनच, आणि गुरूचं आधी. फरक एवढाच की बलकानं आपलं नाव टेबलाखाली नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं दर्शनी भागावर कोरलं. नेमकं काय केलं, ते मात्र त्यानं लिहिलेलं नाही. ते मुख? की सगळा दर्शनी भाग? मुखापुरतं मानायला माझं मन घेत नाही. तुळईचं टोक इतकं नेटकं काढणारा माणूस एका डोक्यावर थांबला असेल असं वाटत नाही.

कोंढाण्याच्या कमानीखालचं खरं लाकूड आता बरंचसं गेलं आहे. घाट चढून भाज्याला जावं, तिथे छताचे लाकडी वासे अजून जागेवर आहेत. त्यांतल्या लाकडावरही ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. मी मिस्त्रींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "सुताराचं नाव हाय?"

नाही म्हटलं, दान देणाऱ्याचं आहे.

"मग बराबर," म्हणत त्यांनी पायाच्या खाचेत सरस ओतला.