ढगांच्या कारखान्यातली कामं

क्लाऊड म्हणजे मराठीत ढग, उर्दूत बादल. वर्गात एवढं सांगून भागतं. पण वाटूरमध्ये पालक मला अर्थ विचारत नाहीत, नोकरी विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने महाराष्ट्र सरकारशी करार केला. २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि वर्षाला ८१,३०० पूर्णवेळ नोकऱ्यांना आधार, असा अंदाज. तो आकडा मोबाईलवर फिरत वाटूर फाट्यावर पोहोचला आणि एका अब्बांनी विचारलं, "सर, पोट्ट्याला कम्प्युटरला टाकू क्या?"

आधी आकडा नीट वाचू या. या सगळ्या नोकऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावरच्या नाहीत. त्यात बांधकाम, वीज, टेलिकॉम, देखभाल, सगळं धरलेलं आहे. डेटा सेंटर एकदा उभं राहिलं की आत माणसं थोडीच लागतात, यंत्रं हजारो. त्या यंत्रांना दोन गोष्टी चोवीस तास हव्या असतात: वीज आणि गारवा. लाईट गेली की क्षणात बॅटरी, मागोमाग जनरेटर. कूलिंग बंद पडलं तर सगळंच तापतं. हे सांभाळायला रात्रपाळीलाही माणूस लागतो, आणि तो कम्प्युटर शिकलेलाच असावा असं नाही.

अशी माणसं आपल्या मोहल्ल्यात आहेत. फ्रीज, एसी, वायरिंग, वेल्डिंग ही कामं आपली पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षापासून उस्तादाच्या हाताखाली शिकतात. माझा एक विद्यार्थी नववीत शाळा सोडून गेला. आज नुसत्या आवाजावरून कम्प्रेसरचं दुखणं सांगतो. पण ऐरोली-महापेच्या गेटवर आवाज ओळखणाऱ्याला कोण विचारतो? तिथे आयटीआयचा कागद मागतात, आणि इलेक्ट्रिशियन किंवा एसी-फ्रीजच्या ट्रेडला दहावी लागते.

ज्यांना पदवीपर्यंत जाणं जमतं त्यांनी लिनक्स, नेटवर्किंग जरूर शिकावं. त्यासाठी अमेरिकेकडेच बघायला नको. २००५ साली पीयूष सोमाणींनी सुरू केलेली ईएसडीएस ही क्लाऊड कंपनी नाशिकची आहे. आपल्या मुली बारावीला मुलांपेक्षा चांगले मार्क घेतात. शिफ्टचं नाव निघालं की घरी विषय संपतो, हेही मला माहीत आहे.

त्या अब्बांना मी म्हटलं, "भाई, कम्प्युटरचं नंतर बघू, आधी दहावी." शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. कम्प्रेसरवाल्या पोराचा फॉर्म भरायचं ठरलंय. अडचण उस्तादांची आहे, त्यांचं अर्धं दुकान त्याच्यावर चालतं. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांच्याकडे जाणार आहे. रोज संध्याकाळी दोन तास आणि परीक्षेचे दिवस, पगार न कापता, एवढंच मागायचंय.