मंद दिवा

अम्मींना वणीच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही रात्री मारेगावला परतत होतो. गाडीचा वेग उतरला की हेडलाइट मंदावत, इंजिनाचा आवाज चढे-उतरे; ॲक्सिलरेटर दाबताच उजेड परते. बॅटरी बाद झाली, असे आम्ही ठरवूनच टाकले.

सकाळी मिस्त्रीभाईंनी मीटर लावला. चालू इंजिनावर १४ च्या आसपास व्होल्ट हवेत, भरले १२.२. बॅटरी शाबूत होती. तिला वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा सैल पडला होता. तो ताणताच आकडा १४.१ झाला, इंजिनही स्थिरावले.

शाळेत जाताना चौथ्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याला आम्ही ‘मंद’ म्हटले होते. सकाळी काही खाऊन येतो का, हे कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी विचारले. खाली बघत तो म्हणाला, “नाही, सर.”