माडाला फांदी नसते

गडग्यापलीकडचा माड वाढता वाढता अलीकडच्या खळ्यावर ओणवतो आणि एके रात्री वाळके चुडत सुटून शेजाऱ्याच्या छपरावर येते. पाच मीटर लांबीचे, बुडाशी तळहाताहून रुंद असे ते चुडत उंचावरून आले की चार-पाच नळे फुटतातच. मग पावसात माजघरात टोप मांडावे लागतात. ‘माड तुमचो, पण नळे आमचे फुटतत’ आणि ‘माड आमचो, तुम्ही कोण सांगणारे?’ ही दोन वाक्ये गडग्यावरून इकडची तिकडे जातात, आणि त्या वर्षी गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जाणे थांबते. आचऱ्यापासून देवबागपर्यंत हा तंटा सगळीकडे सारखाच आहे. मी याच किनाऱ्यावर, माडांखालीच राहतो, आणि पुष्कळ विचार करून एका मतावर आलो आहे. माड कोणाचा, याचे उत्तर बहुतेक वेळा दोघांनाही ठाऊक असते, तरी तंटा मिटत नाही. त्या माडाची वर्षभराची निगा कोणी, कधी आणि कशी राखायची हे पावसाच्या आधी ठरवून कागदावर आणले, तर मात्र तो मिटतो.

कायदा पाहायला गेले तर उत्तर सोपे दिसते. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात सांगितले की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या जागेवर आल्या तर त्याच्या जागेत पाऊल न टाकता, त्याला नोटीसही न देता, हद्दीपुरत्या कापता येतात. आपल्याकडची न्यायालयेही याच तत्त्वाने चालत आली आहेत. कापलेली फांदी आणि तिच्यावरचे फळ मात्र झाडमालकाचेच राहते. आंब्याला, फणसाला, जांभळीला हे लागू पडते. पण माडाला फांदी नसते. सिंधुदुर्ग किल्ल्यातला फांदी फुटलेला माड नवलाचा ठरला तो त्यामुळेच. माडाचा कोंब एकच, तोही शेंड्याला. तो छाटला की माड मेला. खोड कलून अख्खा शेंडाच शेजाऱ्याच्या खळ्यावर गेला असेल तर ‘हद्दीपुरते कापणे’ म्हणजे माड मारणे. शिवाय त्या शेंड्यापर्यंत पोचायचे तर खोडावरून चढूनच जावे लागते, आणि खोड उभे आहे पलीकडच्या जागेत. ओक आणि एल्मच्या देशात तयार झालेला हक्क आमच्या माडाच्या बुडाशी येऊन असा अडतो.

माड गडग्याला चिकटून लावतातच कशाला, असे कुणी विचारील. कृषिशास्त्र दोन माडांत साडेसात मीटर अंतर सांगते. त्या हिशेबाने प्रत्येकाने हद्दीपासून पावणेचार मीटर आत लावला तर निम्मे तंटे उगवणारच नाहीत. पण देवबागसारखी एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी चिंचोळी पट्टी डोळ्यांपुढे आणा. पाच-सात गुंठ्यांत घर, विहीर, खळे आणि जाळी सुकवायला मोकळी जागा हवी. माडाला उरतो तो गडगाच. तिथे लावलेला कवाथा दुसऱ्या झाडांच्या सावलीतून सुटायला उजेडाकडे झुकतो, आणि उजेड बहुधा शेजाऱ्याच्या मोकळ्या खळ्यावरच असतो. यात कुणाची लबाडी नाही. ही गोष्ट दोघांनी मान्य केली की बोलण्याचा सूर बदलतो, आणि पहिली गरज त्याचीच असते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार खुद्द माडाच्या वाढीतला आहे. जोमदार माड साधारण महिन्याला एक नवे चुडत काढतो आणि तितकेच जुने टाकतो. प्रत्येक चुडताच्या बगलेत एक पोय येते, आणि फळ धरल्यापासून नारळ तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे वरून काय पडणार आणि साधारण कधी पडणार, हे खाली उभे राहून मोजता येते. खालच्या वळणातली पिवळी पडलेली चुडते आणि सोडण तपकिरी झालेले नारळ पाडेलीने वेळेवर उतरवले तर नळे फुटण्याचे कारणच उरत नाही. आंब्याची फांदी वाऱ्यात कधी मोडेल हे सांगणे अवघड असते. माड बिचारा आधी सांगून टाकतो. इतके ठरावीक असलेले संकट दरवर्षी अचानक आल्यासारखे अंगावर घ्यायचे आणि त्यापायी शेजार तोडायचा, हे मला पटत नाही.

वेळेबाबत मात्र जुनी सवय बदलायला हवी. मिरगाच्या आधी माड उतरवायचे, असा आमच्याकडचा रिवाज. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा मिरगाला तीन आठवडे बाकी होते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत माड आणि कलमे आडवी झाली, विजेचे खांब पडले, कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. त्याआधी फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले होते, आणि ऑक्टोबर २०१९ च्या क्यार वादळाच्या लाटा ऐन दिवाळीच्या तोंडावर देवबागच्या घरांपर्यंत पोचल्या. म्हणून माझे सांगणे असे की पहिली सफाई एप्रिलअखेर पुरी व्हावी आणि दुसरी नजर गणपती झाल्यावर टाकावी.

यावर कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, माडच तोडून टाका. काही माड तोडायलाच हवेत, हे मी मान्य करतो. खोडाला भोके पडून त्यांतून तपकिरी रस गळतो आहे, जवळ गेले की आंबूस वास येतो आहे, तर सोंड्या भुंग्याने आतला गाभा खाल्लेला असतो. तो माड उद्यावर टाकू नये. कलत्या अंगाच्या उलट बाजूची मुळे उचलली असतील, बुडाशी मातीला भेग गेली असेल, तर तोही गेलाच समजा. पण लहानपणापासून वाकत जाऊन शेंडा पुन्हा सरळ वर नेलेला माड नुसता वाकडा दिसतो म्हणून धोक्याचा नसतो. त्याने तोल सांभाळतच वाढ केलेली असते. बाणवली माड धरायला सहा-सात वर्षे घेतो आणि पुढे दोन पिढ्यांना नारळ देतो. असा माड एका फुटक्या नळ्यापायी आडवा करणे हा निकाल नव्हे. कायदासुद्धा इतका उतावीळ नाही. पडून इजा करील अशा झाडाबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तहसीलदाराला किंवा प्रांताला, आदेश काढता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. त्यात झाड हटवण्याच्या जोडीला झाडाला आधार देण्याचाही पर्याय लिहिलेला आहे. तारेचा दोर घेऊन माड आपल्याच हद्दीतल्या दुसऱ्या भक्कम माडाला ताणून बांधणे, हा आमच्याकडचा जुना उपाय त्या शब्दात बसतो.

दुसरा आक्षेप खरा अवघड आहे. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, अर्धे भावबंद मुंबईत, मग बोलायचे कुणाशी? इथे निगा आणि तोड यांत फरक करायला हवा. सामायिक माड तोडायला सगळ्यांची संमती लागेल, आणि गाव असो वा शहर, झाड कोणते यावरून परवानगीही पाहावी लागेल. आंबा, फणस, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आणि मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागतो. पण वाळकी चुडते उतरवायला कुणाच्या सहीची गरज नाही. जो नारळ घेतो त्याने निगा राखावी, एवढा साधा नियम पुरे आहे. मुंबईकर गणपतीला किंवा मे महिन्यात येतातच. तेव्हा त्यांना खळ्यात उभे करून शेंडा दाखवावा.

आणि कागद? ‘शेजाऱ्याकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास’ असे मानणारे पुष्कळ आहेत. पण हीच माणसे हापूसची कलमे हंगामापुरती खंडाने देताना रक्कम आणि मुदत लिहून घेतात, आणि त्यात कुणाचा मान जात नाही. देवळात गाऱ्हाणे घालतानाही आपण काय मागतो ते चारचौघांत मोठ्याने बोलतो. मग माडाचे ठरलेले लिहायला लाज कसली? कागदाचा आणखी एक उपयोग आहे. धोका लेखी कळवलेला असताना मालकाने दुर्लक्ष केले आणि नुकसान झाले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे त्याला म्हणता येत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या झाल्या. असा कागद करायला त्या समितीचे दोन जाणते लोक साक्षीला पुरतात.

त्या कागदात माझ्या मते चार ओळी असाव्यात. पाडेलीची मजुरी माडमालकाने द्यावी, कारण नारळ त्याचे. त्या दिवशी शेजाऱ्याने खळे मोकळे करून द्यावे आणि वाट अडवू नये. नळे फुटले तर मालकाने आठवड्याच्या आत बसवून द्यावेत. आणि आपोआप गळून शेजाऱ्याच्या खळ्यात पडलेला नारळ शेजाऱ्याचा. कायद्याने तो मालकाचा आहे हे मला माहीत आहे, तरीही ही ओळ मी लिहायला सांगतो. वर्षाकाठी पाच-दहा नारळ सोडून शेजारघरचे येणे-जाणे राखता येत असेल तर तो सौदा स्वस्त आहे. यंदा पाडेली माडावर चढेल त्या दिवशी शेजाऱ्याला आधी हाक मारा आणि दोघांनी मिळून शेंडा बघा.