चांदीवरची सही

वीज येण्यापूर्वी इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात भिंतीवर चांदीचे 'स्कॉन्स' असत. स्कॉन्स म्हणजे भिंतीवरची मेणबत्तीदाणी. मागे लखलखीत पत्रा, पुढे मेणबत्ती. पत्र्यावरून उजेड उलटून खोलीभर पसरायचा. कामानिमित्त लंडनला गेले असताना एका संग्रहालयात ते पाहिले आणि नक्षीपेक्षा त्यांवरच्या बारीक ठशांतच अडकले.

लंडनच्या जुन्या चांदीवर साधारण चार ठसे असतात. पाऊल उचललेला सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के शुद्ध. बिबट्याचं मुंडकं म्हणजे तपासणी लंडनची. एक अक्षर वर्ष सांगतं. ही पद्धत १४७८ पासूनची. चौथा ठसा कारागिराचा. तपासणी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होई, म्हणून 'हॉलमार्क'. आम्ही सॉफ्टवेअरवालेही कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो : कोणी केला, कधी केला, कोणी तपासला. तीच शिस्त!

तिथल्या चांदीकारांत सर्वांत नावाजलेला पॉल द लॅमरी. जन्म १६८८ चा, नेदरलँड्समधला. आईवडील फ्रेंच प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाचं संरक्षण काढून घेतलं आणि हजारो कुटुंबं परागंदा झाली. लॅमरी कुटुंब पुढे लंडनला आलं. पॉल १७०३ मध्ये आपल्यासारख्याच एका फ्रेंच निर्वासित चांदीकाराकडे उमेदवारीला लागला आणि १७१३ मध्ये त्याने स्वतःचा ठसा नोंदवला : आडनावातली 'एलए' ही दोन अक्षरं, वर मुकुट.

तो काही संत नव्हता. १७२० मध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला. तेव्हा छोट्या वस्तूवर ठसे मारून घ्यायचे आणि तेवढा तुकडा कापून मोठ्या वस्तूत जोडायचा, अशी युक्ती निघाली. लॅमरीच्याही काही वस्तूंत असे जोड सापडले आहेत. गंमत म्हणजे फसवणूक रोखणाऱ्या १७३८ च्या कायद्याची तयारी करणाऱ्या समितीत तोही होता. तीनशे वर्षांनंतर त्याचं कसब आणि लबाडी दोन्ही कळतं, ते ठशांमुळेच.

आपल्याकडेही भांड्यांवर नाव घालतात, पण ते देणाऱ्याचं. इंदूरच्या आमच्या घरातल्या ताम्हणावर 'सप्रेम भेट' आणि पणजीच्या मामांचं नाव आहे. घडवणाऱ्याचं नाही. समईवर तर काहीच नाही. चांदीचा भाव चढला तशी घरात "मोडीत देऊन टाकू" ही चर्चा सुरू झाली. सराफ्यात वजन होईल, शुद्धता पाहतील, संपलं. लॅमरीच्या वस्तूला वजनापलीकडे किंमत येते ती त्या दोन अक्षरांमुळे. आमच्या समईला ती अक्षरं कोण देणार?

म्हणून आत्याला बोलतं केलं. समई पणजोबांना गिरणीत नोकरी लागली त्या वर्षीची. बैठकीला पडलेला पोचा काकांच्या मुंजीतला. घडवणाऱ्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. ते कायमचं गेलं. बाकी सगळं फोटोंसह लिहून ठेवलं. चेपलेल्या वाट्या मोडीत गेल्या, समई राहिली. ठरवताना वाद झाले, पण ती यादी वाचल्यावर समईचं वजन कोणी विचारलं नाही.

यंदा दिवाळीला चांदी घासायला काढाल तेव्हा भांडी उलटी करून बघा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, अजून विचारता येतंय तोवर.