दारावरचा व्यापार

आमच्या नंदुरबार जिल्ह्यास समुद्र नाही. तापी आहे, प्रकाश्याचा घाट आहे, तोरणमाळचा यशवंत तलाव आहे. परंतु खारा वारा आणि वाळूत बसून खाल्लेली भेळ यांची ओळख आम्हांस मुंबईस गेल्यावाचून होत नाही. आमच्या थोरल्या भगिनींचे बिऱ्हाड तेथे समुद्रकाठच्या एका वसाहतीत आहे. वर्षाकाठी पंधरा दिवस तरी आम्ही त्यांच्याकडे मुक्कामास असतो, आणि त्या मुक्कामात एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. दारावर खाद्यपदार्थ विकावयास येणाऱ्या फेरीवाल्यांस समाजाने कसे वागवावे, हा तो प्रश्न होय.

त्या वसाहतीत घड्याळाची फारशी गरज पडत नाही. रबरी भोंगा वाजला की इडलीवाला आला असे समजावे. सायकलच्या मागे त्याचे मोठे भांडे असते. चटणी व सांबार निराळ्या डब्यांत. मागोमाग पाववाला येतो. उन्हे चढली म्हणजे शहाळ्यांची हातगाडी, तिन्हीसांजेस चणे-शेंगदाणे व भेळ, आणि रात्री निजानीज होण्याच्या सुमारास लाल फडके गुंडाळलेला कुल्फीचा मटका. ही माणसे मोठ्या पहाटेपासून राबतात. दारात येते ती केवळ त्यांच्या श्रमांची अखेर.

दोन वर्षांमागे वसाहतीच्या रहिवाशांची सभा भरली, तीस पाहुणे म्हणून आम्हीही बसलो होतो. सर्व फेरीवाल्यांस फाटकाबाहेर ठेवावे असा ठराव पुढे आला. ठराव मांडणारे गृहस्थ काही दुष्ट नव्हते. रात्रपाळी करून आलेल्या त्यांच्या मुलास सकाळच्या भोंग्याने झोप मिळत नव्हती. जिन्यात कागदी बशा पडतात, फाटकाशी हातगाड्या उभ्या राहिल्याने एकदा रुग्णवाहिकेस वाट मिळण्यास विलंब झाला, ही गाऱ्हाणीही खरीच होती. पुष्कळांच्या माना डोलल्या. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई, ज्यांना सर्वजण आजी म्हणतात, शांतपणे म्हणाल्या, “मला जिना उतरवत नाही. अण्णा वर येतो म्हणून माझी न्याहारी होते. बंद करायचा तर करा. पण मग माझी इडली रोज कोण आणून देणार, तेही नाव ठरावात लिहा.”

सभा काही वेळ स्तब्ध झाली. आम्हांस वाटते, या प्रश्नाचे सारे मर्म आजींच्या त्या एका वाक्यात होते. फेरीवाला नको असे म्हणणे सोपे आहे. तो जे काम करतो ते कोणी करावे, हे सांगणे अवघड आहे.

न्यायालयांनाही हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्याच पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात मोडतो असे सांगितले. १९८९ साली दिल्लीच्या एका खटल्यात रस्त्यावर व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला गेला. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच निर्णयात स्पष्ट केले. पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदाच केला. फिरत्या विक्रेत्याचीही त्यात गणना आहे. दर पाच वर्षांनी पाहणी करावी, विक्रेत्यास प्रमाणपत्र द्यावे, पाहणी पुरी होईपर्यंत कोणास उठवू नये, आणि उठवावयाचेच झाल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी, अशी त्याची रचना आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. जप्त केलेला नाशवंत माल मालकाने मागितल्यास त्याच दिवशी परत करावा, असेही एक कलम आहे. इडलीचे आयुष्य किती, याचा विचार कायदा करणाऱ्याने केला होता म्हणावयाचा!

कायदा चांगला, अंमल मात्र सावकाश. मुंबईत १९७८ नंतर नवे परवाने देणे जवळजवळ थांबले होते. २०१४ च्या पाहणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि समितीची निवडणूक व्हावयास २०२४ साल उजाडले. मध्यंतरीच्या वर्षांत ज्याचे पोट गाड्यावर होते तो ना धड परवानाधारक, ना धड गुन्हेगार, अशा अवस्थेत राहिला. अशा अवस्थेत माणूस नियम पाळावयास शिकत नाही. गाडी दिसताच पळावयास शिकतो. ज्यास उद्या याच जागी उभे राहावयाचे आहे याची खात्री असते, तोच आपल्या पायापाशी पडलेली बशी उचलतो.

या बाबतीत आमच्या डोंगरातील बाजारापासून शहरांनी थोडे शिकावे असे आम्हांस वाटते. धडगाव, मोलगी येथील आठवड्याचा बाजार पाहा. आमचूर घेऊन येणाऱ्या बाया, मिरचीवाले, फरसाणवाले यांचा वार ठरलेला, जागा वहिवाटीने ठरलेली. कोणाच्या जागेवर कोण बसला तर शेजारीच त्यास उठवितात. जो बाजार वर्षानुवर्षे आपोआप भरत आला आहे त्याची दखल घ्यावी, असे २०१४ चा कायदाही सांगतो. म्हणजे वहिवाटीस मान देणे हे मागासलेपण नव्हे.

त्या सभेत अखेर बंदीचा ठराव मागे घेण्यात आला. आठ वाजण्यापूर्वी भोंगा वाजवू नये, गाडी फाटकापासून दूर चिंचेखाली लावावी, वर जाणाऱ्या विक्रेत्याचे नाव चौकीत नोंदवावे, आणि बशांसाठी टोपली वसाहतीने ठेवावी, असे ठरले. विशेष म्हणजे हे ठरविताना इडलीवाल्यास व शहाळेवाल्यास बोलावून विचारले. इडलीवाल्याने भोंगा सोडला, पण एक मागणी केली: फाटकाशी पिण्याच्या पाण्याचा नळ. ती मान्य झाली. हात धुण्याची सोय न देता स्वच्छतेचा आग्रह धरणे कितपत न्याय्य, हे त्याने आम्हां शिकलेल्यांस न बोलता समजाविले.

अर्थात वसाहतीचा ठराव कुंपणापुरता. रस्त्यावर त्या दोघांजवळ आजही प्रमाणपत्राचा कागद नाही, आणि तो देणे रहिवाशांच्या हाती नाही. परंतु समितीत रहिवाशांच्या संस्थांनाही कायद्याने जागा ठेवली आहे. तेथे जाऊन केवळ तक्रार नोंदवावयाची, की जागा, वेळ व पाणी यांची मागणीही करावयाची, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्याच्या हातचे आपण खातो त्याला उभे राहावयास चार हात जागा मिळावी, एवढे तरी आपण मागावयास हवे.