घराला श्वास घेऊ द्या

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी ताईकडे एन्नोरला निघाले, तेव्हा मनावर घरचाच भार होता. वाईचे आमचे जुने घर पाडायचे, असे बाबांनी जवळजवळ ठरवले होते. माजघराच्या भिंतीला ओल आली होती. काही वर्षांपूर्वी तिचा चुन्याचा गिलावा खरवडून आम्हीच मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आता तो फुगून त्याचे पोपडे पडत होते.

“मातीविटांची घरं आता टिकायची नाहीत. किती डागडुजी करायची?” बाबा म्हणाले. आई काहीच बोलली नाही. त्याच भिंतीतल्या कोनाड्यात आजी रोज सांजवात लावत असे. आजीनंतर आई लावते.

एन्नोर हे चेन्नईचे उत्तरेकडचे टोक. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कोसस्थलैयार नदीची खाडी, मिठागरे आणि उंच धुराडी. भावोजी बंदरात नोकरीला आहेत. एका संध्याकाळी ताई मला खाडीवर घेऊन गेली. काठावर शिंपल्यांचा पांढरा खच पडला होता. शेजारचे आजोबा बरोबर होते. त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलेले. मूठभर शिंपले उचलून ते तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. ताई हसून मला म्हणाली, “आजोबा म्हणतात, जुनं मद्रास यांनीच बांधलंय.”

आजोबांचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. त्या किनाऱ्यावर चुनखडीऐवजी शिंपले भाजून चुना करत. तो विरवून, वाळूबरोबर घोटून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. शेवटचा हात अगदी बारीक चुन्याचा. त्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळत आणि गुळगुळीत दगडाने तो इतका घासत की भिंत संगमरवरासारखी चमके. १८०६ मध्ये मद्रासपासून एन्नोरपर्यंत कालवा झाला. पुढे तोच बकिंगहॅम कालव्याचा भाग बनला. मीठ, सरपण आणि शिंपले त्यातूनच होड्यांनी शहरात जात.

हिरडा आणि गूळ हे शब्द ऐकून मी चमकले. आमच्या वाईच्या घराचा चुनाही असाच केलेला, असे आजी सांगायची. हिरडा वरच्या महाबळेश्वरच्या रानातला. बैलांनी फिरवायच्या चुन्याच्या घाण्या तर आपल्या किल्ल्यांवर आणि देवळांजवळ अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर अड्यार नदीकाठचा ब्रोडी कॅसल पाहिला. ईस्ट इंडिया कंपनीतल्या जेम्स ब्रोडीने १७९६ च्या सुमारास बांधलेला हा बंगला. आता तिथे सरकारी संगीत महाविद्यालय आहे. नावाप्रमाणे कोपऱ्यांना किल्ल्यासारखे बुरूज आहेत, पण ते सोंग वरवरचे वाटले. अशा इंग्रजी बंगल्यांची खरी घडण या मातीची आणि या हवेची होती. थंडीपासून बचाव करायला इंग्लंडमधले जुने शेतघर लहान खिडक्यांचे, ठेंगण्या छताचे आणि मोठ्या चुलाणाभोवती जमलेले. मद्रासच्या उन्हात त्याच लोकांनी छते उंच केली, रुंद व्हरांडे काढले, खिडक्यांना झडपा लावल्या. सागवानी तुळयांवर विटा तिरप्या उभ्या रचून वर चुन्याचा थर देण्याची, इथली म्हणून ‘मद्रास टेरेस’ नावाने ओळखली जाणारी छतेही त्यांनी आपलीशी केली.

परत आल्यावर मी इंग्लंडमधल्या शेतघरांविषयी वाचले. ऑक्सफर्डशायरमधले केल्म्स्कॉट मॅनर हे १६०० च्या सुमाराचे दगडी शेतघर. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी ते १८७१ मध्ये भाड्याने घेतले. जुन्या वास्तूंची दुरुस्तीच्या नावाखाली होणारी नासधूस पाहून त्यांनी १८७७ मध्ये अशा वास्तू जपणारी संस्था काढली. ती आजही काम करते. तिचा एक सल्ला वाचला आणि मला आमचे माजघर आठवले. जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, असा तो सल्ला.

कारण साधे आहे. मातीविटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याचा गिलावा ती हळूहळू हवेत सोडतो. सिमेंट ही वाट बंद करते. ओल आत कोंडते, भिंत फुगते, आणि आपण म्हणतो, घर जुने झाले! दोष घराचा नव्हता, आम्ही त्याला घातलेल्या कपड्यांचा होता.

हे सारे बाबांना सांगितले. “एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं नसतं का?” ते म्हणाले. पण पाडण्याआधी एक भिंत करून पाहायला ते तयार झाले. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायलाच महिना गेला. सिमेंट काढून भिंत उन्हाळाभर तशीच वाळू दिली, मग पावसाळ्यापूर्वी चुन्याचा गिलावा झाला. खर्च जास्त आला, वेळ त्याहून जास्त गेला. एका कोपऱ्यात अजून थोडी ओल येते, हेही खरे. पण दोन पावसाळे गेले, एकही पोपडा निघालेला नाही. आता पाडण्याची गोष्ट बाबा काढत नाहीत. उलट पाहुण्यांना भिंतीवर हात फिरवून दाखवतात.

मला मात्र एन्नोरची खाडी आठवत राहते. तिथले जुने औष्णिक केंद्र २०१७ मध्ये बंद झाले, पण वर्षानुवर्षे वाहून आलेली राख खाडीच्या तळाशी साचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुराबरोबर तेलाचा तवंगही तिच्यात शिरला. “पूर्वी ओंजळभर शिंपले हाताला सहज लागायचे,” आजोबा म्हणाले होते. घर एखाद्या भिंतीपासून तरी वाचवता येते. खाडी वाचवायला बरेच हात लागतील.

आई आता पुन्हा त्या कोनाड्यात दिवा लावते. ज्यांच्या घराला अजून चुन्याची भिंत आहे, त्यांनी सिमेंटची गोणी आणण्यापूर्वी एकदा एखाद्या जाणत्या गवंड्याला जरूर विचारावे.