चौदा ग्रॅमचा स्टो

ट्रेकच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सॅकमधली एकेक वस्तू ठेवून बघायची, हा माझा जुना छंद. (बायकोच्या मते आजार.) ऑफिसात मिलिसेकंदांसाठी भांडायचं, घरी ग्रॅमसाठी!

पहिला तंबू तीन किलोचा होता. आता ट्रेकिंग पोलच्या आधाराने उभा राहणारा एकेरी कापडाचा तंबू घेतलाय, जेमतेम एक किलो. शिवण अशी की बघत राहावं. फक्त दारं लावून झोपलं, की आपल्याच श्वासाची वाफ पहाटे थेंबाथेंबाने अंगावर येते. म्हणून दारं थोडी उघडी ठेवायची, आणि आत स्टो कध्धीच पेटवायचा नाही.

स्टो मात्र घरचा! कोल्ड्रिंकच्या दोन कॅनचे बूड कापून एकमेकांत बसवायचे आणि कडेला पिनेने बारीक भोकं पाडायची. आत स्पिरिट ओतून काडी लावली, की ते तापून उकळतं आणि भोकांतून वाफ बाहेर पडून पेटते. 30 मिलीत दोघांचा चहा. उन्हात ही ज्योत जवळपास दिसत नाही, त्यामुळे विझला असं समजून वरून स्पिरिट ओतायचं नाही. वजन? 14 ग्रॅम. मी खूश.

बेत पेठच्या किल्ल्याचा होता. कर्जत लोकल, मग कशेळेमार्गे आंबिवली. बायकोने सॅककडे बघितलं.

"बाटलीत काय आहे?"

"स्पिरिट. 200 मिलीच तर आहे."

"आणि हे घेऊन तू लोकलमध्ये चढणार?"

मी गप्प. आधीच्या दोन ट्रेकना मी ते नेलं होतं, तेही शनिवारच्या गर्दीत. रेल्वे कायदा, 1989 प्रमाणे ज्वालाग्राही वस्तू सोबत नेली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा मदुराई आठवलं. 26 ऑगस्ट 2023, स्टेशनाजवळ उभा असलेला यात्रेकरूंचा डबा, आत चोरून आणलेलं गॅस सिलिंडर, पहाटेचा चहा. नऊ माणसं गेली. त्यांनाही वाटलंच असेल, चहापुरतं तर आहे!

माझं ओझं हलकं करताना मी ते डब्यातल्या अनोळखी लोकांच्या माथी मारत होतो. हे कुठल्या वजनकाट्यावर दिसणार?

बाटली घरीच राहिली, स्टोसुद्धा. पेठवाडीत एका घरी पैसे देऊन चुलीवरचं पिठलं-भाकरी खाल्ली, काकूंनी आग्रहाने चहा पाजला. रात्री तंबूत झोपलो. सकाळी सुळक्याच्या पोटातल्या कोरीव पायऱ्या चढून माथ्यावर गेलो. काही अडलं नाही.

स्टो आता गॅलरीत असतो. रविवारी त्यावर चहा करतो. दोन कप, एक बायकोला. असो!